गाळलेला आवाज

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या पत्नीला सहा महिने धाप लागतेय. बोलताना तुमच्या लक्षात आलं नाही?"

टिळेकरांचा हात कानाकडे गेला. समोरच्याच्या आवाजातला राग, थकवा, धाप, कंप गाळून तो प्रसन्न करून ऐकवणारं तांदळाएवढं यंत्र त्यांनीच शोधलं होतं. तीस वर्षांपूर्वी, नाशिकच्या दोन खोल्यांत, घरातल्या कुरबुरींना कंटाळून. आता ते देशभर लोकांच्या कानात होतं. फक्त डॉक्टरांना ते लावायला मनाई होती.

"ती रोज 'बरी आहे' म्हणायची," टिळेकर म्हणाले. "मला ते खरंच वाटायचं."

वॉर्डात सुलभाताईंच्या खाटेजवळ बसून त्यांनी यंत्र काढलं.

"अहो, जेवलात का?" सुलभाताईंनी विचारलं.

आवाज घोगरा होता. तेवढ्या तीन शब्दांत त्या दोनदा थांबल्या. टिळेकरांना तो परक्या बाईचा वाटला. त्यांनी मान खाली घातली.

सुलभाताईंना त्यांच्या तळहातावरचं यंत्र दिसलं.

"घरी तरी तुम्ही हे काढून ठेवत असाल," त्या हळूच म्हणाल्या, "असं वाटायचं मला."