मैथिलीची चकती

नंदिनीने चकती खिडकीशी नेली, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या आणि अलगद टेबलावर ठेवली.

"नागेशराव, खोटी आशा लावत नाही. ही कधीच वाचता येणार नाही."

नागेशच्या बायकोने, कुंदाने, चहाचे कप पुढे सरकवले. नंदिनी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या विद्यापीठात जुन्या लिप्यांवर काम करायची. नागेशने फार विनवलं म्हणून आज जवळच्या वाल्डॉर्फला त्यांच्या घरी आली होती. ती तरी काय करणार बिचारी!

चकती बशीएवढी, मातीची. गोल गोल आत जाणाऱ्या ओळीत मासा, फूल, पाऊल, शिंग अशी चिन्हं. शाळेच्या सहलीत त्यांच्या मैथिलीने कार्ल्सरूहेच्या म्युझियममध्ये क्रीट बेटावरच्या, हजारो वर्षांपूर्वीच्या मिनोअन चकतीची प्रतिकृती पाहिली होती. ती लिपी कुणालाच वाचता येत नाही, म्हणून पोरीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. जर्मनमध्ये, अर्थात! आईबाप मराठीत विचारणार, पोरगी जर्मनमध्ये उत्तर देणार.

एका संध्याकाळी नागेशचं डोकं फिरलं. "मराठीत बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलूच नकोस!"

अकरा वर्षांची पोर, पण हट्ट अगदी बापाचा. दोन दिवस त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सायकलवरून शाळेला निघाली आणि वळणावर ट्रकखाली गेली.

नागेशने ऑफिस सोडलं, अन्न सोडलं. महिन्याभराने कुंदाने ही चकती आणून त्याच्या हातात ठेवली. "मैथिलीच्या कपाटामागे होती," म्हणाली. तेव्हा कुठे तो उठला, दाढी केली, दोन घास जेवला. तेव्हापासून नऊ महिने तो चिन्हं मोजत होता. आधी मराठी लावून पाहिली, मग जर्मन. बोलायचं नाही म्हणून लेकीने हिच्यावर लिहिलं, असंच त्याने धरलं होतं; त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, तिने आपल्याला माफ केलं की नाही.

"पण का नाही वाचता येणार?" त्याने विचारलं.

"मजकूरच फार थोडा आहे. त्या क्रीटच्या चकतीचंही तेच दुखणं. एकाच चकतीवर वाटेल तो अर्थ बसवता येतो, खरा कुठला ते ठरत नाही. आल्झो... म्हणजे, हिच्या जोडीला दुसरी असती तर गोष्ट वेगळी."

नंदिनी गेली. नागेशने कागद गोळा करून फाइल बंद केली. रात्री ताट तसंच ठेवून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कुंदा दारात येऊन थबकली. पोर गेली, आता हाही चालला.

"अहो, ऐका ना." ती त्याच्या उशाशी बसली. "खाली केलरमध्ये, तळघरात, तिची शाळेची खोकी आहेत. सगळी कुठे उघडलीत आपण? आपली पोरगी एकच करून थांबणारी होती का?"

तो वळला. "असेल दुसरी?"

"बघते ना मी. तुम्ही जेवून घ्या. खाली धूळ फार आहे, येऊ नका."

त्याने ताट पुढे ओढलं. कुंदा जिना उतरली.

केलरचं दार आतून लावून तिने ओल्या मातीचा गोळा फरशीवर थापला. पहिली चकती करताना तिने सुचतील तशी चिन्हं दाबली होती. आता मात्र लेकीने बापाला माफ केलं की नाही, ते तिलाच ठरवायचं होतं.