सकाळची कळंब फेरी

"मग नुकसान कोणाचं?" राजदीपने तिसऱ्यांदा विचारलं.

"कोनाचंच नाई, साहेब," कंडक्टर शबाना म्हणाली. "एक रुक्माबाई सोडून."

राजदीप एसटीच्या आगारात वाहतूक निरीक्षक होता. सकाळची कळंब फेरी जवळजवळ रिकामीच धावायची. तीच गाडी पलीकडच्या तीन गावांकडे वळवली, तर तिथल्या चाळीस मुलींचं यवतमाळचं कॉलेज सुटणार नव्हतं. पण राजदीपचा एक हट्ट होता. एकाचं भलं करताना दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आगारातली मंडळी हसायची, बिचाऱ्याला कामं नाहीत म्हणायची. तो मात्र गावात फिरून एकेका प्रवाशाला भेटला. दूधवाल्याने मोटरसायकल घेतली होती. मास्तर जीपने जात होते. बाकीच्यांना शेअर ऑटो बरा वाटायचा.

राहिली ऐंशीची रुक्माबाई. वयामुळे तिला तिकीट माफ. ऊन असो की पाऊस, ती रोज कळंबला चिंतामणीच्या देवळात जायची.

"लई भाविक बाई," शबाना म्हणाली. "एक दिस चुकवत नाई. चतुर्थीले तं अंधारातच फाट्यावर येऊन बसते."

अशा म्हातारीचा देव काढून घ्यायचा, या विचाराने राजदीपच्या जिवाला लागलं. त्या संध्याकाळीच तो तिच्या घरी गेला.

घर चांगलं खातंपितं होतं. अंगणात फरशी, दारात ट्रॅक्टर. मुलगा धावजी वावरात गेला होता. सून हंसाबाईने साहेबांपुढे पोहे ठेवले. रुक्माबाई बाजूच्या खाटेवर बसली होती.

"आजी, तुमची सकाळची गाडी बंद केली तर चालेल?"

म्हातारीने आधी सुनेकडे पाहिलं. "रोजची?"

"रोजची."

"आन चतुर्थीची?"

राजदीपला भरून आलं. "तीही."

"होऊ द्या बंद, साहेब," हंसाबाई म्हणाली. "या वयात कायले हिंडून राह्यली? लोकं आमालेच नावं ठेवतात. देव का घरी नाई?"

"पण आजी, तुमची हरकत?"

म्हातारी त्याच्या बशीकडे बघत होती. "किती पोरी शिकतीन?"

"चाळीस."

"मंग मी कायले आडवी येऊ?"

कागदावर अंगठा उठला. तरीही राजदीपचं समाधान होईना. पुढच्या आठवड्यात त्याने कळंबहून गणपतीची मोठी तसबीर आणली आणि म्हातारीला पडल्या पडल्या दिसेल अशी भिंतीवर लावून दिली. हंसाबाईने तसबिरीला ताज्या फुलांचा हार घातला. आता तर देवच घरी आला होता. राजदीपने मोकळ्या मनाने अहवालात लिहिलं: लाभार्थी चाळीस, बाधित शून्य. वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

महिन्याभराने तो नवी फेरी बघायला गेला. गाडी गच्च भरली होती. मुली खिडक्यांतून हात हलवत होत्या. आपण आयुष्यात एक तरी काम चोख केलं, असं त्याला वाटलं. परतताना तो मुद्दाम रुक्माबाईकडे थांबला.

म्हातारीने खाट धरली होती. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

"वय झालं त्यायचं," हंसाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

राजदीप खाटेच्या कडेला टेकला. त्याला फार वाईट वाटलं.

"आजी, दर्शनावाचून करमत नाही ना?"

रुक्माबाईने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि कुजबुजली,

"दर्शनाले कोन जाये, बापू? देवळापाशी जेवाले भेटे. इथं मले उष्टं देतात, तेबी उरलं तं."