दिग्गीच्या मांडावरचं गाऱ्हाणं

साहेबाची खुर्ची मांडावर ठेवायला लाडू बुदवंत काही केल्या तयार होईना.

"हितं देव बी भुईवरच बसतोय," तो म्हणाला. "सायबाला हवं तर भाईर बसू दे."

मांड म्हणजे दिग्गीच्या गावसभेची जागा. शेणाने सारवलेली, भोवती जुनी झाडं. पायताण घालून तिच्यावर कुणी पाऊल टाकत नसे, आणि बुदवंताचा, म्हणजे गावच्या मुख्याचा, शब्द तिथे शेवटचा. परशुरामाने पट्टेवाल्याला खुणावलं, खुर्ची कडेच्या फणसाखाली गेली. साहेबाला त्याने इंग्रजीत सांगितलं, तिथे सावली जास्त आहे. साहेब खूश झाला. लाडूही खूश झाला.

"बघा," म्हातारी तुळजा बायकांत म्हणाली, "आमच्या परशानं दोघांस्नी गप केलं. उगाच न्हाई पुण्याला मास्तर झाला."

"मास्तर न्हवं आव्वा, प्रोफेसर."

"त्येच त्ये. पोरं तेवढी मिशीवाली असत्यात."

परशुराम डोंगराखालच्या सुप्याच्या बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा. ही माणसं मध आणि शिकेकाई घेऊन दुकानात यायची, तेव्हा तो त्यांच्या मांडीवर खेळलेला. आता तो पुण्याच्या कॉलेजात राज्यकारभाराचं शास्त्र शिकवायचा. रयतेच्या संमतीवाचून राज्य टिकत नाही, हे त्याचं दर वर्षीचं पहिलं वाक्य. जंगलाच्या चौकशीला एक समिती बसणार होती आणि तिच्यात एक देशी प्रोफेसर घ्यायचा होता. म्हणून तर साहेबाने त्याला बरोबर आणलं होतं. जंगलखात्याचा हा साहेब विलायतेहून नवाच आलेला, मराठी त्याला सलामापुरती यायची. सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "मला रडगाणी ऐकवणारा माणूस नको, प्रोफेसर. मार्ग काढणारा हवा."

लाडूने गावाचं म्हणणं परशुरामाला सांगितलं. डोंगराच्या उतारावरचा झाडोरा जाळून त्या राखेत नाचणी पेरायची, ही त्यांची कुमरी. सरकार ती बंद करायला निघालं होतं, आणि ती बंद झाली की चुली बंद.

"डोंगर सरकारचा असंल, आमी न्हाई म्हणत न्हाई," लाडू म्हणाला. "पर आमाला त्याच्यावरनं उतरवू नका, येवढं सायबाला सांग. आमचं त्वांड आता तू."

परशुराम साहेबाकडे वळला. त्याच्या मागे माणसं हात जोडून उभी राहिली.

"सरकारने आपली दखल घेतली, याबद्दल हे लोक आभारी आहेत," तो इंग्रजीत म्हणाला आणि जरा थांबला.

"व्हय म्हाराजा!" मागून सगळा गाव एका आवाजात म्हणाला.

साहेब दचकला. "काय म्हणाले ते?"

देवापुढे गाऱ्हाणं घालायची रीतच तशी. एकाने गावासाठी बोलायचं, तो श्वास घ्यायला थांबला की बाकीच्यांनी होकार भरायचा. शब्द कळलेच पाहिजेत असं नाही. बोलणारा आपला असला की झालं. हे परशुरामाला लहानपणापासून ठाऊक होतं. साहेबाला एवढंच समजावून सांगायचं होतं.

"हो म्हणाले," तो म्हणाला.

साहेब हसला आणि खुर्चीत पुढे सरकून बसला. तो उत्सुक चेहरा समोर बघून परशुरामाचं पुढचं वाक्य घशातच फिरलं.

"कुमरीने जंगलाचं नुकसान होतं, हे त्यांना कळतं."

"व्हय म्हाराजा!"

"लाकूडतोडीच्या कामावर घेतलं, तर डोंगर सोडून खाली यायला..." तो अडखळला. त्याने मागे वळून पाहिलं. तुळजेने मान हलवून त्याला धीर दिला, बोल, बोल. "...ते राजी आहेत."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला पोरंबाळंही ओरडली. फणसावरची पाखरं उडाली.

"एकमताने!" साहेब उठूनच उभा राहिला. "आमच्या पार्लमेंटात असं कधी घडत नाही, प्रोफेसर." त्याने परशुरामाचा हात हातात घेऊन जोरात हलवला, समितीच्या पहिल्या बैठकीला भेटूच म्हणाला आणि घोड्यावर बसला.

घोडा झाडांआड गेला तसा लाडू पुढे आला.

"समदं सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला मग?"

"बघतो म्हणाला."

तुळजा जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "ह्याचं कान बघा कसं तांबडं झाल्यात! दुकानातला गूळ चोरून खाल्ला की अस्संच व्हायचं." बायका हसल्या. मग तिलाच त्याची दया आली. "उन्हानं झालं आसंल गं. पुण्याचं माणूस."

फणसाखाली ऊन पोचतच नव्हतं.

खालून ओढ्यातल्या दगडांवर घोड्याच्या नालांचा आवाज येत होता. हाक मारली असती तर अजूनही ऐकू गेली असती. परशुराम खाली मान घालून बुटाची नाडी सोडत बसला. त्याला मांडाच्या मधोमध नेऊन उभं करायचं चाललं होतं.

लाडूने नारळ हातात घेतला आणि देवाच्या दगडाकडे तोंड केलं.

"हे म्हाराजा, ह्या लेकरानं आज आमचं त्वांड होऊन गाऱ्हाणं घातलं!"

"व्हय म्हाराजा!"

"जसं त्यानं आमचं केलं, तसंच त्याचं बी होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे थांबले. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, शेवटचा होकार त्याने द्यायचा. त्यावाचून नारळ फुटत नाही. लाडूचा हात तसाच वर राहिला. परशुरामाचे ओठ हलले.

तुळजा त्याच्या कानाशी वाकली.

"मोठ्यानं म्हण रं बाळा. सायबाला ऐकू गेलं, तसं देवाला बी जाऊ दे."