मसाकित

जीप विहारासमोर लागली होती आणि इंडोनेशियाहून आलेल्या आर्याजी खांबाला टेकून हसत होत्या. साठीच्या भिक्खुणी. कळस गावात आठवडाभर राहून आता रातोरात नागपूर गाठायचं होतं. सकाळपासून घोटभर पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं, उभं राहवत नव्हतं, पण कुणी पाहिलं की हात जोडून हसायच्या.

दोष गावातल्या शालननं स्वतःवर ओढून घेतला होता. कालच्या भिक्षापात्रात तिनं ठेचा वाढला होता, आर्याजींनी तो बोटं चाटून खाल्ला होता. डॉक्टर येऊन गेले, पण आर्याजींना पुरुषानं हात लावायचा नाही म्हणून चार हातांवरूनच विचारपूस केली आणि पित्ताचं औषध दिलं. दुभाषा आधीच नागपूरला गेलेला. विहाराचा कारभार पाहणाऱ्या नानांनी मोबाइल पुढं धरून त्यांच्या भाषेत तब्येत विचारली. उत्तर आलं, ‘मी बरी आहे, आपले आभार.’ नानांचं समाधान झालं.

त्यांची सून करुणा बारामतीहून ड्यूटी करून आली, ती ते हसू पाहून जागीच थांबली.

चार वर्षं ती कुवेतला नर्स होती. लोक तिथून सोनं आणतात, ही फिलिपिनो बायांची भाषा घेऊन आली, अशी गावात तिची चेष्टा व्हायची. तिच्या खोलीतली फिलिपिनो मोना प्रत्येक पेशंटला विचारायची, ‘मसाकित?’ दुखतंय का? आणि मोनाला स्वतःला मूतखड्याची कळ उठली, तेव्हा ती अशीच हसत होती.

करुणा आर्याजींजवळ जाऊन बसली. नाना गडबडले.

“हात लावू नगं त्यास्नी. शील मोडंल.”

“बाईनं बाईला हात लावला तर काय मोडतंय, नाना?”

फिलिपिन्स कुठं, इंडोनेशिया कुठं. मध्ये समुद्र. मोनाचा शब्द इथं चालेल की नाही, करुणाला ठाऊक नव्हतं. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

“मसाकित?”

आर्याजींचं हसू गेलं.

“साकित,” त्या म्हणाल्या. “साकित, साकित.” आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

करुणानं पोट दाबून पाहिलं. डावीकडं काही नाही. उजवीकडं खाली दाबून हात उचलला, तशा आर्याजी कळवळल्या. पेशंटला कुशीवर वळवताना उजवीकडं म्हणायला मोनाचा एक शब्द होता, तोही करुणाच्या तोंडून निघाला. “कानान?”

“कानान,” आर्याजी म्हणाल्या आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

जीप बारामतीला घ्या, करुणानं सांगितलं. नाना म्हणाले, तिकडं कार्यक्रमाला पाचशे माणूस वाट बघतंय, डॉक्टरनं औषध दिलंय, त्यांना उत्तर कोण देणार?

“मी देते. अपेंडिक्स वाटतंय मला. मधीच फुटलं तर रस्त्यातच जातील त्या.”

सुनेचं ऐकून चारचौघांत बेत बदलणं नानांच्या स्वभावात नव्हतं. तरी ते स्वतः पुढं झाले आणि त्यांनी जीपचं दार उघडलं.

ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, नागपूर काही दिसलं नसतं. ओळखलं कुणी? करुणा तोंड उघडायच्या आत नाना उठून उभे राहिले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या सुनंनं.” करुणाची कुवेतमधली चार वर्षं त्या दोन शब्दांत वसूल झाली.

तिसऱ्या दिवशी शालन पेज घेऊन आली. ठेच्याचा काही दोष नव्हता हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, तरी तिचा जीव खाली पडला नव्हता. कळसपासून बारामतीपर्यंत ती एसटीत एकच शब्द घोकत आली होती. कॉटजवळ उभी राहून तिनं तो विचारून टाकला.

“मसाकित?”

आर्याजींनी मान हलवली. नाही. पेजेची वाटी त्यांनी हातात घेतली, एक घोट घेतला आणि शालनला जवळ बोलावलं. मग दारातल्या करुणाकडं चोरून पाहत, एका तळहातावर दुसऱ्या हाताची मूठ कुटून दाखवली. मिरची कुटतात तशी.