टपालघराची खिडकी

सकाळी संगणक सुरू करताच जुन्या टपालघराची ती खिडकी पुन्हा उघडी दिसली आणि मॉडेल बनवणाऱ्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इमारत उभी होती तोवर डागडुजीला कुणाला सवड नव्हती. ती पाडून झाल्यावर साहेबांना संगणकावर हुबेहूब मॉडेल हवं होतं. चार हजार फोटोंवरून तिने दगड न् दगड रचला होता. पोटमाळ्याची ही खिडकी प्रत्येक फोटोत बंद होती.

“माझ्या फाइलला हात कोणी लावला?” ती सहकाऱ्यावर कडाडली.

“ताई, शपथेवर सांगतो, मी नाही. पासवर्ड तुमच्याकडेच आहे.”

दातओठ खात तिने खिडकीच पुसून टाकली, तिथे कोरी भिंत उभी केली आणि त्याच्यादेखत फाइल बंद करून पुन्हा उघडली.

खिडकी सताड उघडी होती. आतली खोली तिने बनवलीच नव्हती, तरी आत पोपडे सुटलेली भिंत होती, जमिनीवर उन्हाचा पट्टा होता.

“बघतेच आता कोण आहे ते!” तिने माउस पुढे रेटला. दृश्य खिडकीतून आत सरकलं.

“ताई, नको.”

मागून कुणी खिडकी लोटावी तसा उन्हाचा पट्टा हळूहळू अरुंद होत मिटला. संगणकाचा पडदा काळा झाला. मॉडेलला आवाज नव्हताच, तरी कडी सरकल्याचं दोघांनीही ऐकलं.