जुळलेलं उत्तर

उत्तर बरोबर निम्मं आलं. श्रुतिकाने प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा निम्मंच.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तांडेल सरांनी तिला दिलेलं काम एका वाक्याचं होतं. त्यांनी तरुणपणी हाताने सोडवलेलं एक गणित सॉफ्टवेअरवर करून बघायचं आणि जुळतं का ते सांगायचं. एक जड कण फुटतो, त्यातून प्रकाशाचे दोन कण, म्हणजे फोटॉन, निघतात. हे फुटणं किती वेगाने होतं, एवढाच प्रश्न. त्याच्या उत्तरावर सरांचा पेपर छापून आला होता. मुलुंडच्या त्या कॉलेजातून परदेशी जर्नलमध्ये गेलेला तो एकुलता एक पेपर. प्रिन्सिपलांनी तो फ्रेम करून लॅबच्या दारात लावला होता. शेजारी गणपतीची तसबीर. हार दोघांनाही.

सॉफ्टवेअर बसवण्यातच तिचा अर्धा जीव गेला होता. एक पॅकेज टाकलं की ते दुसरं मागायचं, दुसऱ्याला तिसऱ्याची जुनी आवृत्ती लागायची आणि ती जुनी आवृत्ती नव्या कंपायलरला बघून रुसून बसायची. लॅबच्या कॉम्प्युटरकडून मदतीची आशाच नव्हती. तो इन्स्पेक्शनच्या दिवशी प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर यायचा आणि संध्याकाळी परत आत जायचा. शेवटी घाटकोपरला घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर तिने ते कसंबसं चालू केलं. एकदा चालू झाल्यावर मात्र काम झकास. कण कोणते ते सांगायचं. आकृत्या तेच काढतं, समीकरणं तेच मांडतं, आकडाही तेच देतं. ज्या गणितात सरांचं वर्ष गेलं, ते चहा गाळेपर्यंत तयार.

चूक कुठे आहे तेही तिला त्याच दुपारी सापडलं. दोन्ही फोटॉन अगदी एकसारखे. हा इकडे गेला आणि तो तिकडे, किंवा उलट, घटना एकच. सरांनी ती दोनदा मोजली होती. सॉफ्टवेअर अशा वेळी आपोआप दोनाने भागतं, सर भागायला विसरले होते. पोरांनी केली तर मार्क कापतात अशी चूक, आणि तिला हार घालून ठेवलेला!

तिने विशालला फोन लावला. तो मागच्या वर्षी याच सरांकडे होता, आता अंधेरीत एका विमा कंपनीत लागला होता.

"निम्मं आलं ना?" तिने काही सांगायच्या आतच तो हसला. "सगळ्यांना येतं यार. शेवटी दोनाने गुण आणि देऊन टाक. माझ्या आधी प्रांजलने गुणलं, मग मी गुणलं."

"अरे, पण चूक त्यांची आहे."

"मग जा, सांग त्यांना! म्हातारा सही करणार नाही, तुझी वाट लागेल. एका मुलाला त्याने असाच लटकवला होता, माहितीये ना?"

माहीत होतं. अख्ख्या डिपार्टमेंटला माहीत होतं. त्या मुलाचं नाव मात्र कोणालाच सांगता येत नसे.

पुढच्या आठवड्यात पीएचडीची मुलाखत होती आणि सरांच्या सहीशिवाय प्रोजेक्ट जमा होणार नव्हतं. श्रुतिकाने दोनाने गुणलं. नुसता दोन बरा दिसत नाही म्हणून अहवालात त्याला 'सुधारणा-गुणक' असं भारदस्त नाव दिलं. हे करताना तिला सरांची भयंकर चीड आली. काय ही माणसं! यांना मोठेपणाची हौस एवढी की निसर्गानेसुद्धा यांच्या मर्जीने चालायचं. उद्या आपण शिकवायला लागलो की असं अजिबात वागायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि फाइल प्रिंटला दिली.

तांडेल सर केबिनमध्ये फळ्यासमोर उभे होते. शर्टाच्या बाहीला खडू लागला होता. ते वळले, पण नेहमीसारखंच 'बस' वगैरे काही म्हणाले नाहीत.

"जुळलं?"

"हो सर. तंतोतंत."

सरांनी अहवाल घेतला. शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आता हा मिशीतल्या मिशीत हसणार, असं तिला वाटलं. सर हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि सही केली.

तेव्हा कुठे श्रुतिकाचं लक्ष फळ्याकडे गेलं. तेच गणित होतं, पहिल्यापासून नव्याने मांडलेलं. शेवटच्या ओळीत दोनाने भागलं होतं आणि त्या भागाकाराभोवती सरांनी ठसठशीत गोल काढला होता.

"मला बरीच वर्षं शंका येत होती गं," सर म्हणाले. "म्हणून तर दरवर्षी नव्या पोरांना हेच देतो. वाटायचं, कोणीतरी येईल आणि म्हणेल, सर, तुमचं चुकलंय. पण प्रांजलचं जुळलं. विशालचं जुळलं. आता तुझंही. तुम्ही सगळे कसे चुकाल? माझंच डोकं चालेनासं झालंय."

श्रुतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायला तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिला मुलाखत आठवली. तिने टेबलावरचा अहवाल उचलला आणि छातीशी धरला.

सर उठले. त्यांनी तळहाताने तो गोल पुसून टाकला.

"बरं झालं वेळेवर आलीस," ते म्हणाले. "उद्याच जर्नलला माफीचं पत्र पाठवणार होतो."