पहिलं बोट

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, पण ठिणगीचा खेळ फक्त घरचा. थर्माकोल त्यांच्या लोकरी स्वेटरने खसाखसा घासायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पेला चिकटवलेली स्टीलची ताटली ठेवायची. ती खाली असतानाच बाबा तिला बोट लावायचे. मग मी पेल्याला धरून ताटली उचलायचे, दुसरं बोट माझं: चट्ट! पहिलं बोट लावायचं राहिलं, तर ठिणगी पडतच नाही, हे त्यांनी शंभरदा बजावलेलं. ते गेल्यावर आज प्रथमच तो स्वेटर काढला. "भरदुपारी कसली नाटकं," पुटपुटत आईने अंधारासाठी दोन्ही हातांनी पडदे जुळवून धरले. घासलं, ठेवलं, उचललं. चट्ट! आई कितीतरी दिवसांनी हसली. "जमलं की गं!" पेला धरूनच मी म्हणाले, "आई, पहिलं बोट विसरलेच मी." तिने पडदे सोडले नाहीत. हळूच म्हणाली, "पुन्हा ठेव. उचलायची घाई करू नकोस."